कूपे कारची मागची बाजूची काच फुटली तर? क्वार्टर ग्लास बदलण्याची पूर्ण माहिती

'टेम्पर्ड' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा मोबाइलच्या दुकानात ऐकलेला असतो. नवीन फोन घेतला की दुकानदार विचारतोच, "टेम्पर्ड टाकू का?" कारच्या बाजूच्या काचाही बहुतेक वेळा टेम्पर्डच असतात. पण फोनवरचं टेम्पर्ड तडकलं तरी महिनाभर तसंच चिकटून राहतं, आणि कारची काच मात्र एका क्षणात दाण्यांचा ढीग होते. असं का होतं हे कळलं, की काच बदलताना काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही, हे ठरवणं सोपं जातं.

आज आपण दोन दरवाजांच्या स्पोर्ट्स कूपेबद्दल बोलणार आहोत. मागच्या सीटच्या शेजारी जी छोटी, न उघडणारी काच असते तिच्याबद्दल. उदाहरण म्हणून फोर्ड मस्टँग घेतोय. नवीन जालन्यात माझ्या मावसभावाकडे एक सेकंडहँड मस्टँग आहे. एका लॉन्सच्या पार्किंगमध्ये गवत कापायच्या मशीनने उडवलेला खडा लागून तिची डावीकडची काच फुटली. पुढच्या सगळ्या कामात फोन आणि लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस मीच होतो, त्यामुळे इथे लिहिलेलं बरंचसं हाताखालून गेलेलं आहे.

या काचेला काय म्हणतात?

मागच्या चाकावरच्या पत्र्याला क्वार्टर पॅनल म्हणतात आणि त्याला लागून असलेली ही काच म्हणजे क्वार्टर ग्लास. सेडान गाडीच्या मागच्या दारात एक छोटी तिकोनी काच असते, तिलाही बरेच जण क्वार्टर ग्लासच म्हणतात. ती दाराच्या चौकटीत रबराने बसवलेली असते आणि तुलनेने लवकर बदलता येते. कूपेची काच वेगळी. ती थेट गाडीच्या पत्र्याला चिकटवलेली असते, तिच्या कडेला कारखान्यातच रबर-प्लॅस्टिकची बॉर्डर ओतून बसवलेली असते, आणि काच व बॉर्डर मिळून एकच पार्ट असतो. म्हणून आकार वहीएवढा आणि काम विंडशील्डएवढं, अशी तिची गत आहे.

पहिला तास: सीटबेल्टला हात लावू नका

काच फुटल्यावर पहिला मोह होतो दार उघडून सगळं झटकायचा. थांबा. आधी फोनने फोटो काढा: नंबर प्लेटसह पूर्ण गाडी, फुटलेली जागा जवळून, आत पडलेले दाणे, आणि फ्रेमला अडकून राहिलेले तुकडे. त्या तुकड्यांमध्ये काचेचा छापील शिक्का असलेला तुकडा सापडला तर तो वेगळ्या पिशवीत ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. कूपेमध्ये मागच्या सीटबेल्टची गुंडाळी याच काचेच्या खाली, आतल्या प्लॅस्टिकच्या मागे असते. दोन दरवाजांच्या गाडीत पुढच्या सीटचा बेल्टही तिथूनच जवळून जातो. काचेचे दाणे बेल्टबरोबर त्या गुंडाळीत गेले तर दोन गोष्टी होऊ शकतात: बेल्ट अडकतो, किंवा दाणे बेल्टच्या पट्ट्याला हळूहळू कापत राहतात. त्यामुळे व्हॅक्यूम क्लीनरने ती फट साफ होईपर्यंत बेल्ट ओढू नका, सोडू नका.

तात्पुरतं झाकण्यासाठी जाड पारदर्शक प्लॅस्टिक आणि पेंटरवाली कागदी चिकटपट्टी वापरा. खाकी पॅकिंग टेप नको. एप्रिल-मेच्या उन्हात तिचा गोंद पत्र्यावर असा बसतो की काढताना रंगच खराब होतो. आणि दारं जोरात आपटू नका, नाहीतर आतल्या हवेच्या दाबाने प्लॅस्टिक सुटतं.

सळई आणि काच

टेम्परिंग समजून घ्यायला जालनेकरांना लांब जायची गरज नाही. आमच्या एमआयडीसीत टीएमटी सळई बनते. लालभडक सळई रोलिंगमधून बाहेर पडते, तिच्यावर जोरात पाण्याचा मारा होतो, बाहेरचा थर झटकन थंड होऊन कडक बनतो आणि गाभा मागाहून निवतो. बाहेरून कडक, आतून लवचिक.

काचेचंही जवळपास असंच. आधी साधी काच हव्या त्या आकारात कापतात, कडा घासतात, भोकं पाडायची असतील तर पाडतात. मग ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात, बाक द्यायचा असेल तर तेव्हाच देतात, आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला भाग नंतर थंड होताना आकसायला बघतो, पण बाहेरचा थर त्याला आकसू देत नाही. परिणाम असा की पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा कायमचा ताणाखाली. भेग वाढायला ताण लागतो, आणि पृष्ठभागावर तर उलटा दाब आहे. म्हणून टेम्पर्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते.

सळई आणि काच यांत एक मोठा फरक मात्र आहे. सळईत पोलादाची रचनाच बदलते, त्यामुळे ती कापली तर दोन सळया होतात. काचेत रचना तीच राहते, फक्त ताण कोंडलेला असतो. एखादा अणकुचीदार खडा त्या दाबाच्या थरातून आत पोचला, की कोंडलेली सगळी ऊर्जा एकदम सुटते आणि पूर्ण काच बोथट दाण्यांमध्ये फुटते. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण बोथट दाणे खरचटवतात, गळा कापत नाहीत.

मग फोन? फोनची काच इतकी पातळ असते की हवेच्या झोताने पृष्ठभाग आणि गाभा यांच्यात तापमानाचा पुरेसा फरकच पडत नाही. म्हणून तिला पोटॅशियमच्या वितळलेल्या मिठात, साधारण ४०० अंशांवर बुडवतात. काचेतले छोटे सोडियमचे आयन बाहेर येतात, त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे आयन घुसतात आणि पृष्ठभाग दाटीवाटीने दाबाखाली येतो. हा थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो, गाभ्यात कोंडलेली ऊर्जा कमी असते, म्हणून फोनवर कोळ्याचं जाळं उमटतं, दाण्यांचा ढीग होत नाही. स्क्रीनगार्ड तर वर चिकटवलेला असल्यामुळे तुकडे जागेवरच राहतात.

तिसरा प्रकार विंडशील्डचा: दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकची फिल्म. फुटली तरी जागेवर राहते. जाता जाता, आणीबाणीत बाहेर पडायचा छोटा हातोडा टेम्पर्ड बाजूच्या काचेवरच चालतो, विंडशील्डवर नाही.

"कापून देतो ना भाऊ"

आता मूळ मुद्दा. काच फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी भावाला एका काचवाल्याने सांगितलं, "कशाला एवढा खर्च? माप द्या, संध्याकाळपर्यंत कापून देतो."

टेम्पर्ड काच कापता येत नाही. कटर लावला, भोक पाडलं, नुसती कड घासली तरी ती फुटते, कारण वर सांगितलं तसं आत ताण कोंडलेला आहे. म्हणजे जो कोणी तुमच्यासमोर काच कापून गाडीला लावतो, तो साधी काच किंवा अ‍ॅक्रेलिकची शीट लावतोय. साधी काच फुटली तर सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात. कूपेच्या मागच्या सीटवर बहुतेक वेळा कोण बसतं? लहान मुलं. आणि ही काच त्यांच्या डोक्यापासून जेमतेम वीतभर लांब असते. अ‍ॅक्रेलिकवर वर्षभरात ओरखडे पडतात आणि उन्हात ते काचेपेक्षा कितीतरी जास्त फुगतं, त्यामुळे कडेचा जोड सुटायला लागतो. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० कारच्या खिडक्यांना सेफ्टी ग्लास किंवा सेफ्टी ग्लेझिंगच मागतो, विंडशील्डला तर लॅमिनेटेड. त्या काचवाल्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. दुकानाच्या शोकेसला जे चालतं ते गाडीला चालेल असं त्याला वाटलं.

गंमत म्हणजे 'कूपे' या फ्रेंच शब्दाचा अर्थच 'कापलेला' असा आहे. मागचा भाग कापून छोट्या केलेल्या घोडागाडीवरून तो आला. गाडी कापलेली चालते, काच नाही.

बसवलेली काच टेम्पर्ड आहे का, हे घरी तपासता येतं. लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन उघडा आणि पोलराइज्ड गॉगलची काच फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून फिरवा. एका कोनात स्क्रीन काळी दिसेल. तो कोन पकडून ठेवा आणि स्क्रीन व गॉगलच्या मध्ये ती काच आणा. टेम्पर्ड असेल तर राखाडी ठिपके किंवा पट्टे उजळलेले दिसतात, ते हवेच्या झोतांचे ठसे असतात. साधी काच काळीच राहते. गाडीत बसवलेल्या काचेसाठी सकाळचं निळं आकाश स्क्रीनचं काम करतं.

बरोबर काच कशी शोधायची

मस्टँग भारतात २०१६ मध्ये आली, अमेरिकेत पूर्ण बनून. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि आधीच्या ग्राहकांना सर्व्हिस व पार्ट मिळत राहतील असं सांगितलं. त्यामुळे पहिला फोन अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच करा. पण इतक्या कमी गाड्या असलेल्या मॉडेलची बाजूची काच कोणी शेल्फवर ठेवत नाही, ती मागवावी लागते. पुण्याजवळ चाकणला सेंट-गोबेन सेक्युरिटसारखा मोठा वाहन-काच कारखाना आहे, तरी फायदा नाही, कारण कारखाने भारतात बनणाऱ्या मॉडेलच्या काचा बनवतात. दिलीप छाब्रियांची डीसी अवंती आठवते? २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवलेली ती भारतीय कूपे कोणाकडे असेल, तर त्याचं काम याहून अवघड आहे.

मागवण्याआधी चेसिस नंबर हाताशी ठेवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधल्या आरसीवर तो असतो. पूर्ण १७ अक्षरं सांगा, कारण अमेरिकेत मस्टँगचं कन्व्हर्टिबल मॉडेलही आहे, आणि कापडी छताच्या त्या गाडीची मागची काच वेगळ्या आकाराची असते.

आता इथे एक सापळा आहे. परदेशी विक्रेते काचेची बाजू 'ड्रायव्हर साइड' किंवा 'पॅसेंजर साइड' अशी लिहितात. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे. आपल्या गाडीची डावी काच हवी असेल तर ती अमेरिकन यादीत 'ड्रायव्हर साइड' असते. म्हणून बाजू नेहमी डावी-उजवी अशीच लिहा, आणि ती सीटवर पुढे तोंड करून बसल्यावरची डावी-उजवी, गाडीसमोर उभं राहून दिसणारी नाही. आम्ही पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून काचेचा फोटो मागवला. खोक्यावर 'पॅसेंजर' लिहिलेलं होतं आणि आत उजवी काच होती. फोटो बघून परत सांगितलं, मग डावी निघाली.

अमेरिकन काच-विक्रेते एक कोडही वापरतात. त्यात पहिलं अक्षर डी असेल तर गाडी अमेरिकन कंपनीची, एफ असेल तर बाहेरची. दुसरं अक्षर क्यू म्हणजे क्वार्टर, डब्ल्यू म्हणजे विंडशील्ड, डी म्हणजे दार, बी म्हणजे मागची काच. मस्टँगच्या क्वार्टरचा कोड 'डीक्यू'ने सुरू होतो. समोरच्याने 'डीडी'वाला नंबर पाठवला तर तो दाराची काच पाठवतोय.

फोटोत काचेचा शिक्काही बघा. जपून ठेवलेल्या तुकड्याशी किंवा शाबूत असलेल्या दुसऱ्या बाजूच्या काचेशी तो जुळवायचा. 'डॉट' आणि एक संख्या म्हणजे अमेरिकन पद्धतीत बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक. 'एएस २' म्हणजे किमान ७० टक्के प्रकाश आत सोडणारी काच, 'एएस ३' म्हणजे त्याहून काळी असू शकते. गोलातला 'ई' युरोपियन मंजुरीचा. भारतीय मानकाचा क्रमांक 'आयएस २५५३'. शिक्काच नसेल तर ती काच घेऊ नका, कितीही स्वस्त असो. आणि काळेपणाचं म्हणाल तर आपल्याकडे बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. वरून काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात मनाई केली.

मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात जुन्या गाडीची काच मिळू शकते. माझं मत: चिकटवलेली काच काढताना तिची बॉर्डर बहुधा वाकते किंवा फाटते, आणि वाकलेल्या बॉर्डरची काच घेणं म्हणजे गळती विकत घेणं.

क्लेम करावा का?

भारतीय विम्यात काचेच्या पार्टवर घसारा शून्य आहे, रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के. आपली काच बॉर्डरसकट एकच पार्ट आहे, म्हणून तो काच धरला जाणार की नाही हे सर्व्हेअरला काम सुरू करायच्या आधी विचारा. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,००० रुपये स्वतःच्या खिशातून भरावेच लागतात. मस्टँगचं इंजिन जवळपास ५,००० सीसीचं आहे.

खरा हिशोब नो क्लेम बोनसचा. समजा बोनस धरायच्या आधी ओन डॅमेज प्रीमियम ४०,००० आहे आणि तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय. क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५, ५० असा परत चढतो. प्रीमियम तेवढाच राहिला असं धरलं तर पाच नूतनीकरणांत जास्तीचे जातात २०,००० + १२,००० + १०,००० + ६,००० + २,०००, म्हणजे एकूण ५०,०००. काचेचं बिल याच्या खाली असेल तर क्लेम तोट्याचा. बोनस सांभाळणारं अ‍ॅड-ऑन घेतलेलं असेल तर गणित बदलतं, त्याची अट पॉलिसीत वाचा.

बसवताना समोर उभं राहून काय बघायचं

हे काम घरी करू नका. आतलं प्लॅस्टिक काढताना छताच्या कडेला कर्टन एअरबॅग असते, त्यामुळे बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबूनच हात घालायचा असतो. आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरहून विंडशील्ड पेस्टिंग करणारा माणूस आला.

मागची सीट आणि आतली ट्रिम निघाल्यावर त्या पोकळीतले दाणे आधी साफ व्हायला हवेत. मग उरलेली जुनी खळ. चांगला कारागीर ती पत्र्यापर्यंत खरवडत नाही, १-२ मिलिमीटरचा थर ठेवतो, कारण कारखान्यात बसलेला तो थर पत्र्याला सगळ्यात घट्ट धरून असतो आणि नवी खळ त्यावर छान बसते. कुठे पत्रा उघडा पडलाच तर त्यावर प्रायमर लागलाच पाहिजे, नाहीतर तिथून गंज सुरू. काचेच्या कडेची काळी पट्टी नुसती दिसायला नसते, ती खळीला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवते.

खळ पॉलियुरेथेनचीच हवी. बाथरूमला लावतात ते सिलिकॉन चालत नाही. ते नीट पकडत नाही आणि त्याचा थर राहिला तर पुढे पॉलियुरेथेनही तिथे चिकटत नाही. ट्यूबवरची एक्स्पायरी डेट वाचा, हो, खळीलाही असते.

ही खळ हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जाते. साधारण २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला दिवसाला ३-४ मिलिमीटर, असा बऱ्याच खळींचा वेग असतो. मराठवाड्यात एप्रिल-मेची हवा कोरडी असते. लोकांना वाटतं ऊन आहे म्हणजे लवकर वाळेल, पण ही खळ वाळत नाही, ती ओलावा पिऊन पिकते. म्हणून उन्हाळ्यात उलट जास्त वेळ द्या. तापलेल्या पत्र्यावर वरची साय लवकर धरते आणि काच टेकवायला मिळणारा वेळ कमी होतो, त्यामुळे काम सकाळी, सावलीत. ट्यूबवर लिहिलेल्या वेळेआधी गाडी हलवायची नाही, निदान २४ तास धुवायची नाही, आणि तोवर दाराची काच बोटभर खाली ठेवायची, म्हणजे दार लावताना आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलणार नाही.

कूपेत आणखी एक नाजूक जागा आहे. दाराच्या काचेला वर चौकट नसते. दार उघडताना ती किंचित खाली उतरते आणि बंद झाल्यावर वर येऊन क्वार्टर ग्लासच्या बॉर्डरला टेकते. नवी काच दोन मिलिमीटर इकडेतिकडे बसली तर समृद्धी महामार्गावर शिट्टीसारखा आवाज येतो. म्हणून खळ ओली असतानाच दार हळूच लावून दोन्ही काचांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का हे बघून घ्या. दुसऱ्या बाजूचा फोटो शेजारी ठेवून तुलना केली तर डोळ्याला लगेच कळतं.

बॅटरी परत जोडल्यावर दाराची काच ते किंचित उतरणं विसरू शकते. तसं झालं तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं, मग पूर्ण खाली नेऊन तसंच. नेमकी पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते.

पाण्याची चाचणी दोन दिवसांनी. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने, खालून वर असं, हळूहळू पाणी सोडायचं. प्रेशर वॉशर नको. त्यानंतर दोन्ही बाजूंचे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पट्ट्याची कड बोटाने चाचपा आणि झटका देऊन लॉक होतात का बघा. सीटखालून दाणे पुढचे दोन-तीन महिने निघत राहतात, तेव्हा व्हॅक्यूमवाल्याला आणखी एकदा बोलवावं लागेल.